मित्राची गोळी मला चालेल का?

प्रश्न : वय ६८. बद्धकोष्ठतेसाठी डॉक्टरांनी दिलेलं लॅक्ट्युलोज रात्री घेतो, पण पोट नुसतं फुगतं. गोदाघाटावर सोबत फिरणाऱ्या मित्राला प्रुकॅलोप्राइड लागू पडली. मीही तीच सुरू करू का? रक्त कमी असल्यामुळे तीन महिन्यांपासून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. तेव्हापासून त्रास जास्तच.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : काका, मित्राची गोळी मित्रालाच राहू द्या. लोहाने शौच घट्ट आणि काळपट होतं, तेव्हा त्रास वाढण्याचं एक कारण तुमच्याच डब्यात आहे. पण परस्पर बंद करू नका. डॉक्टर गोळी किंवा डोस बदलून देतात. मला काळजी दुसरीच आहे. या वयात रक्त का कमी झालं, हे कुणी शोधलं का? त्यात पोटही साफ होत नसेल, तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची का, हे आधी विचारा.

आता औषधं. लॅक्ट्युलोज ही न पचणारी साखर. आतड्यातले जंतू ती आंबवतात, म्हणून गॅस. त्याऐवजी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड मिळते. ती पाणी धरून ठेवते, आंबत मात्र नाही. परिणामाला एक ते तीन दिवस लागतात आणि लोक दुसऱ्याच दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून फोन करतात! तुमच्यासाठी मी आधी हीच सुचवेन.

प्रुकॅलोप्राइड आतड्याची हालचाल वाढवते. साध्या रेचकांनी भागलं नाही, तरच तिचा विचार. नेहमीचा डोस २ मिलिग्रॅम, पण पासष्टीपुढे सुरुवात १ मिलिग्रॅमने. पहिले काही दिवस डोकं दुखतं, जुलाबही होतात. बद्धकोष्ठतेवरची आणखी दोन औषधं आहेत. ल्युबिप्रोस्टोन जेवणासोबत घ्यायची, नाहीतर मळमळतं. लिनाक्लोटाइड उलट, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी.

झोपताना बिसाकोडिल ही रेचक गोळी घेणारे ती हमखास दुधाबरोबर गिळतात. तिचं आवरण आतड्यात विरघळायला हवं. दुधाने किंवा अँटासिडने ते पोटातच विरघळतं आणि मुरडा येतो. पाण्याबरोबर घ्या, कधीमधीच.

आणि शौच मऊ असूनही कुंथावं लागत असेल, तर दोष गुदद्वाराच्या स्नायूंचा असू शकतो. त्यावर व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, गोळी वाढवून काही होत नाही. तसं होतं का, तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना जरूर सांगा.