ग्रंथसंवाद : यक्ष, राक्षस आणि मोबियसची पट्टी

मुलांसाठीच्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांविषयी सातारा व सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे लांब होती. मूळ प्रश्नाला धक्का न लावता ती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. गेले वर्षभर तो जादूगार, राक्षस आणि उडते घोडे यांच्याच गोष्टी वाचतो. त्याच्या बाबांचे म्हणणे असे की, अशा वाचनाने मुले अंधश्रद्धाळू होतात; त्यापेक्षा विज्ञानकथा द्याव्यात, निदान अभ्यासाला उपयोग होईल. मी दोन विज्ञानकथा आणून दिल्या, तर त्याने चार-चार पाने वाचून त्या मिटून ठेवल्या. काय करावे?
— एक आई, सातारा

उत्तर : बाबांची काळजी खरी आहे, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात ती कोणी बोलून दाखवली नसती तरच नवल. मात्र त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या आहेत. अंगात आल्याचे सांगणारा बुवा समोरच्याला ‘हे खरे आहे’ असे बजावतो आणि त्यावर दक्षिणा घेतो. उडत्या घोड्याची गोष्ट सांगणारा मात्र पहिल्याच वाक्यात ‘एक आटपाट नगर होते’ असे म्हणून मोकळा होतो, आणि हे आटपाट नगर कोणत्या तालुक्यात येते असे विचारणारे मूल मला बालवाचनालयाच्या इतक्या वर्षांच्या कामात अजून भेटलेले नाही.

अद्भुतकथेत काहीही चालते, हा समजही खोडून काढायला हवा. राक्षसाचा प्राण सातासमुद्रापलीकडच्या पोपटात आहे असे एकदा सांगितले की, गोष्ट अडली म्हणून लेखकाला तो प्राण कावळ्यात हलवता येत नाही. मुले याबाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असतात. ‘पण मघाशी तर म्हणालात की त्याला पाण्याची भीती वाटते’ हे वाक्य ज्याने घरी रात्री गोष्ट सांगितली आहे त्या प्रत्येकाने ऐकलेले असते. लेखकाने स्वतः घातलेला नियम स्वतः पाळायचा, एवढी अद्भुतकथेची अट असते. विज्ञानकथेत हीच अट आणखी आवळलेली असते, कारण तेथे आज नसलेली एखादी गोष्ट गृहीत धरण्याची मुभा असली तरी तिच्यातून निघणारे परिणाम ज्ञात विज्ञानाशी जुळवून घ्यावे लागतात. म्हणजे तुमचा मुलगा सध्या जे वाचतो आहे, ती विज्ञानकथेच्या वाचनाची तयारीच आहे, आणि ती थांबवण्याचे कारण मला दिसत नाही.

आता ती दोन मिटलेली पुस्तके. आपण त्यांची नावे कळवलेली नाहीत, पण मुलांसाठी म्हणून छापलेल्या बऱ्याच विज्ञानकथांमध्ये एक काका आणि एक पुतण्या गच्चीवर बसलेले असतात, आणि पुतण्याने एक प्रश्न विचारताच काका अडीच पाने ताऱ्यांचे तापमान सांगत राहतात. हा गोष्टीचा सदरा घातलेला धडा असतो आणि मुलाला तो दारातच ओळखू येतो. पुस्तक घेण्यापूर्वी पहिली चार पाने आपण स्वतः वाचा. त्या चार पानांत कोणाला तरी काहीतरी हवे आहे, कोणाचे तरी काही अडले आहे असे दिसले नाही, तर पुस्तक परत ठेवा, मग त्याला पारितोषिक मिळालेले असो वा नसो.

याउलट डॉ. जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा पाहा. गणपतीची सोंड डावीकडे की उजवीकडे, हा घराघरात ओळखीचा विषय घेऊन ते वाचकाला मोबियसच्या पट्टीपाशी नेतात. शेवट येथे सांगत नाही. मात्र कथा देण्याच्या आदल्या दिवशी मुलासोबत एक करून पाहा. जुन्या वर्तमानपत्राची दोन बोटे रुंद आणि हातभर लांब पट्टी कापा, तिला एक अर्धा पीळ द्या आणि टोके खळीने चिकटवा. पट्टीच्या मध्यावर पेन टेकवून न उचलता रेघ ओढत गेले की, ती दोन्ही बाजूंवरून फिरून सुरुवातीला येऊन मिळते, कारण या पट्टीला बाजू एकच असते. मग त्याच रेघेवरून कात्री चालवायला सांगा आणि किती कडी होतील ते आधी विचारा. आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुटीत बारा मुलांनी ठामपणे ‘दोन’ असे सांगितले होते. कापून झाल्यावर हातात एकच लांब कडे आले, तेव्हा एका मुलीने ‘परत करू’ म्हणून कात्री हिसकावून घेतली आणि दुसऱ्या पट्टीवर मध्याऐवजी काठापासून एक तृतीयांश अंतरावर कापत गेली. तिला एकमेकांत अडकलेली दोन कडी मिळाली, एक लांब आणि एक आखूड. त्या संध्याकाळी नारळीकरांचे पुस्तक घरी नेण्यासाठी चार मुलांनी नावे लावली. कोणीही ती कथा ‘अभ्यासाला उपयोगी’ म्हणून नेली नाही, हे बाबांना अवश्य सांगावे.

प्रश्न : मी माण तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वर्गात अशी पुस्तके फार थोडी आहेत, आणि जी आहेत त्यांतील शब्द मुलांना अवघड जातात. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगावा का?
— एक शिक्षक

उत्तर : सांगू नये. ‘कृष्णविवर’ किंवा ‘धूमकेतू’ हे शब्द गोष्टीत तीनदा आले की मुले अर्थाच्या जवळ पोचतात, आणि मध्येच थांबून फळ्यावर अर्थ लिहिला की गोष्ट मरते. रोज शेवटच्या तासाला दहा मिनिटे मोठ्याने वाचा आणि ऐन मोक्याच्या ठिकाणी ‘क्रमशः’ म्हणून पुस्तक मिटा. पुस्तक एकच असले तरी वर्गाला पुरते. गोष्ट संपल्यावर ज्यांना कुतूहल उरेल त्यांच्यासाठी मराठी विश्वकोश आहे, तोही आपल्या जिल्ह्यातच, वाईला घडलेला, आणि आता मोबाइलवरही वाचता येणारा. वर्षाची सहल ठरवताना महाबळेश्वरच्या यादीत भिलार घाला. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले आहे, तेथील घराघरांतून विषयवार पुस्तके मांडलेली आहेत, आणि मुलांना ओसरीवर बसून ती फुकट वाचता येतात.

प्रश्न : माझी नात म्हणते की, यंत्रमानव, अवकाशयाने आणि राक्षस हे सगळे इंग्रजीतून आले. मी लहानपणी असे पुष्कळ मराठीत वाचल्याचे आठवते, पण तिला नावे सांगता येत नाहीत. मदत करावी.
— एक आजोबा, मिरज

उत्तर : आजोबा, राक्षसांचा हिशेब तर आपल्या सांगलीतच चुकता होतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले, आणि त्या परंपरेतील नाटकांत राक्षस राळेच्या, म्हणजे भुर्रकन पेटणाऱ्या भुकटीच्या, भपक्यात आरोळ्या ठोकत रंगभूमीवर येत असत. राळेचा तो भपका म्हणजे त्या काळचे विशेष दृश्यपरिणामच. नातीला हे सांगताना आपण स्वतः एक आरोळी ठोकून दाखवावी, असे सुचवतो.

अवकाशयानाच्या बाबतीत तिचे म्हणणे अर्धे खरे आहे, कारण मराठीतली चंद्रावरची पहिली सफर भाषांतरातूनच आली. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीचे मराठी रूप १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ या मासिकातून क्रमशः येऊ लागले. मासिक निघत होते कोचीनहून, आणि त्याचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये हे मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, म्हणजे आगरकरांच्याच जन्मगावचे. कोचीनला राहणाऱ्या कृष्णाकाठच्या माणसाने मराठी वाचकाला फ्रेंच लेखकाच्या तोफेतून चंद्राकडे धाडावे, हा प्रवास मला त्या कादंबरीइतकाच चमत्कारिक वाटतो. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या बोलीत आणला. फुरसुंगीचा फास्टर फेणे ज्यांनी निर्माण केला तेच हे भागवत. आपण लहानपणी वाचलेल्यांत त्यांचे काही असण्याचा संभव मोठा आहे. १९५२ पासून मराठीत आलेला ‘चांदोबा’ तर आपल्याला आठवत असेलच.

पण नातीच्या पिढीला जिंकायचे असेल, तर नारळीकरांच्या पहिल्या कथेचा किस्सा सांगा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली, तेव्हा ते जगाला माहीत असलेले खगोलशास्त्रज्ञ होते आणि नाव पाहून परीक्षक भारावतील अशी शंका त्यांना आली. म्हणून जयंत विष्णु नारळीकर यांची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हा लेखक जन्माला घातला, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले. पुढच्या त्यांच्या कथांची नावेही नातीला वाचून दाखवा : ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासुर’. यंत्र, अवकाश आणि परग्रहवासी यांना पुराणांतली नावे इतकी नेमकी बसतात की, ती उसनी आणल्यासारखी वाटत नाहीत.

प्रश्न : मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. गाजलेल्या परदेशी अद्भुत कादंबऱ्या मराठी अनुवादात द्याव्यात की मुळातून?
— एक पालक, सांगली

उत्तर : जे ती शेवटपर्यंत वाचेल ते. मुळातून वाचण्याची तिची ऐपत असेल तर अनुवादाचा आग्रह धरू नका. मात्र एक पुस्तक दोन्ही भाषांत घरात असू द्या. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या मराठी नावात ‘परीस’ हा शब्द आहे, आणि लोखंडाचे सोने करणारा तो दगड तुकोबांच्या अभंगांतून आजीला आधीच ठाऊक असतो. त्या एका शब्दावरून आजी आणि नात यांचे बोलणे सुरू झालेले मी पाहिले आहे.

प्रश्न : मी आठवीत शिकते. मला आमच्या कृष्णेच्या पुरावर विज्ञानकथा लिहायची आहे. माझ्या कथेत नदीच्या तळाशी परग्रहावरचे यान आहे, एक रोबोट आहे आणि टाइम मशीनपण आहे. आई म्हणते, जरा जास्तच झाले. खरेच जास्त झाले का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हो, आईचे बरोबर आहे. तिन्हींपैकी एकच ठेव. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचा रंग पालटला. नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत बदल केला तो इतकाच की, ती गोळी चाटून गेली. बाकी सगळे माणसांवर आणि इतिहासावर सोपवले, आणि त्या तिळभर अंतरातून एक निराळा हिंदुस्थान उभा राहिला. त्यात रोबोटही आला असता, तर तुझे-माझे लक्ष गोळीकडे राहिले नसते.

तुझ्याकडे एक मोठे भांडवल आहे, ते वापर. पुराच्या दिवसांत सांगलीतले शेंबडे पोरसुद्धा ‘आज आयर्विन पुलाला पाणी किती फूट’ असे विचारते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांपर्यंत चढले, हे आकडे तुला पाठ असतील. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, तिथून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत येते, आणि हरिपूरला वारणा येऊन मिळते. मुंबईच्या लेखकाला हे सारे शोधून काढावे लागेल. हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे हळद साठवण्याची जमिनीखालची कोठारे, तीही आठव. तोंड अरुंद, पोट मोठे, आणि आत प्राणवायू इतका कमी की, पेव उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय कोणी उतरत नाही. परग्रहाचे यान नदीत बुडवण्याआधी एकदा पेवाच्या तोंडाशी उभे राहून आत डोकाव. दुसऱ्या ग्रहावर उतरणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, ते तिथे कळेल. २००५ च्या पुरात यांतली कितीतरी पेवे नष्ट झाली, हे घरातल्या मोठ्यांना विचारलेस तर तुझ्या कथेसाठी दोन पात्रे तिथेच मिळतील.

आता समज, तू यान आणि रोबोट काढून टाकलेस आणि टाइम मशीनचा फक्त एक तुकडा ठेवलास : आयर्विन पुलावरच्या पातळीच्या खुणांवर एका मुलीला उद्याचे पाणी आज दिसते. आज पाणी ३८ फुटांवर आहे, पण तिला ४६ दिसतात. ती कोणाला सांगेल? बाबा विश्वास ठेवतील का? शेजारचे गवळीकाका म्हशी रात्रीच माळावर नेतील की सकाळी बघू म्हणतील? एखादा व्यापारी तिचे ऐकून आधी फक्त आपलाच माल हलवील का? आणि दुसऱ्या दिवशी पाणी खरोखर ४६ ला पोचले, तर तिसऱ्या दिवशी तिच्या दारात किती माणसे उभी राहतील? खुणांची ही करामत कशी चालते, ते दोन वाक्यांत सांग. त्याहून जास्त लिहिलेस तर वर सांगितलेले गच्चीवरचे काका तुझ्या कथेत येऊन बसतील.

एक गोष्ट मात्र सांभाळ. खुणांवर उद्याचे पाणी दिसते असे एकदा लिहिलेस की, गोष्ट कितीही अडली तरी त्यांना परवाचे पाणी दाखवू देऊ नकोस.