सात मात्रांचा गल्ला

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. दोन महिने झाले, घरात पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम चालू असतो. मी ख्याल ऐकत वाढलेली. कुतूहल म्हणून माझ्या मोबाइलवर लावला, तर कुठे घड्याळांचा कल्लोळ, कुठे एक बाई शब्दांविना किंचाळतेय आणि प्रत्येक गाणं मध्येच तुटतंय. पन्नास वर्षं उलटली तरी लोक यात काय ऐकतात?
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : ताई, तुमच्या मोबाइलवर शफल, म्हणजे गाणी क्रम मोडून लावायची सोय, चालू असणार. ते आधी बंद करा. १९७३च्या या अल्बममध्ये एक गाणं विरायच्या आत दुसरं सुरू होतं. बडा ख्याल मधूनच कापून पुढे भलताच राग लावला, तर तुम्हाला चालेल का?

मी बरीच वर्षं गडकरी रंगायतनला नाटकांचं म्युझिक ऑपरेट केलं, तेही स्पूलवर, म्हणजे टेपच्या रिळांवर. त्यामुळे मला यात पहिल्यांदा दिसते ती कारागिरी. ‘मनी’च्या सुरुवातीला नाणी खळखळतात, गल्ला उघडतो, कागद फाटतो. हे सगळे आवाज टेपवर घेतले, तुकडे मापाने कापले आणि एकाला एक जोडून वेटोळं केलं. ते फिरत राहतं आणि त्यातून ताल तयार होतो. हातावर मोजा, सात मात्रा भरतील. रूपकासारखी विभागणी शोधू नका, पण सात आहेत. सॅक्सोफोनही सातातच वाजतो. गिटार पुढे सरसावली की ताल चारावर येतो, अंग एकदम सैल होतं आणि शेवटी पुन्हा सात. हे तुमच्या कानाला मुलीच्या आधी कळेल.

घड्याळं ‘टाइम’मधली. ध्वनिमुद्रक अॅलन पार्सन्सने ती जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टेप केली होती. (मी एका प्रयोगात गजराची क्यू आधीच सोडली होती. नायक झोपायच्या आत जागा झाला. त्यामुळे त्या कल्लोळाने मी आजही दचकतो.) घड्याळं थांबल्यावर सुरू होणारं गाणं आहे आयुष्य सुरू व्हायची वाट बघता बघता दहा वर्षं निसटलेल्या माणसाचं. शब्द लिहिणारा बँडमधला रॉजर वॉटर्स तेव्हा तिशीचाही झाला नव्हता. मी ते विशीत ऐकलं तेव्हा गिटार आवडली होती. पन्नाशीत ऐकलं आणि उठून खिडकीत जाऊन उभा राहिलो.

ती किंचाळणारी बाई म्हणजे क्लेअर टॉरी. विषय मृत्यूचा आणि हातात एकही शब्द नाही. स्वतःला एक वाद्य समजून ती गायली. मानधन मिळालं ३० पौंड! पुढे ती कोर्टात गेली आणि २००५मध्ये तडजोड होऊन रचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. तुम्ही ते आलापीसारखं ऐका. मध्यभागी ती आवाज खाली आणून जवळजवळ पुटपुटते, ती जागा सोडू नका.

सगळंच थोर आहे असं नाही. ‘ऑन द रन’ मला अजून लांबलेलं वाटतं. पण मधूनमधून जी माणसं बोलतात, ती ऐका. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले – मरणाची भीती वाटते का, वगैरे – आणि स्टुडिओत सापडेल त्याला विचारले. अगदी शेवटी बोलतो तो अॅबी रोड स्टुडिओचा आयरिश दरवान. चंद्राला काळी बाजू अशी नाहीच, खरं तर तो सगळाच काळा आहे, असं काहीसं म्हणतो. आमच्याकडे दारावर तिकिटं फाडणारा असाच एखादं वाक्य टाकून जायचा. आम्ही मात्र कधी माइक पुढे केला नाही.

सगळा मिळून ४३ मिनिटांचा ऐवज आहे. ठाण्याहून जलद गाडीने सीएसएमटीला जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पण गाडीत ऐकू नका, सुरुवातीची आणि शेवटची हृदयाची धडधड रुळांच्या खडखडाटात बुडते. रात्री, दिवा मालवून, मुलीशेजारी बसा. तिच्याकडे तबकडी असेल तर क्लेअर टॉरी संपली की बाजू उलटावी लागेल. तेवढ्यात चहा टाकायला जाऊ नका. सुई टेकली की गल्ला लगेच उघडतो.