वाचकांचे प्रश्न : बारा चटयांवरचा ज्युदो

प्रश्न : ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेत नेमका कोणता बदल केला?

उत्तर : अंगाने किरकोळ असलेल्या कानो यांनी (जन्म १८६०) जुजुत्सूच्या दोन परंपरा आत्मसात करून १८८२ मध्ये तोक्योतील एइशोजी मंदिरात अवघ्या बारा चटयांवर कोदोकान ही ज्युदोशाळा काढली. आपटण्यांनी जमिनीच्या फळ्या मोडत, तेव्हा हे गुरुजी रात्री दिवा घेऊन स्वतःच खाली शिरत आणि त्या दुरुस्त करीत! सरावातून त्यांनी घातक डाव वगळले खरे. परंतु त्यांचे मोठे काम, आमच्या मते, तोल बिघडवण्याच्या तंत्राला दिलेली शिस्त हेच होय. प्रतिस्पर्धी ढकलू लागला की त्याला अडवायचे नाही, उलट त्याच दिशेने ओढून चवड्यांवर आणायचे आणि मगच फेकायचे. १९६४ मध्ये ज्युदो ऑलिम्पिकमध्ये आला. कानो मात्र १९३८ मध्येच, मायदेशी परतताना, बोटीवर निवर्तले होते.