वाचक विचारतात: ओझं कुणी बांधलं?

प्रश्न: आदरणीय ताई, आमच्या मंडळीत चार दिवसांसाठी एक मिशनरी पाहुणे आले होते. आमच्याकडे नियमांचा एक कागद आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यावर सही करावी लागते. कपडे कसे घालायचे, कुठलं संगीत ऐकायचं नाही, उपासनेला उशीर झाला तर मागच्या बाकावर बसायचं, दुसऱ्या मंडळीतल्या लग्नाला जायचं तर वडीलजनांना विचारायचं, असे 27 नियम आहेत. पाहुण्यांनी तो कागद वाचला आणि भर सभेत विचारलं, ‘यातले शास्त्रातले किती?’ कुणीच बोललं नाही. ते गेल्यावर वडीलजन म्हणाले, पाहुण्याचं काय जातं, चार दिवस आला आणि घडी विस्कटून गेला. मी सही केलेली आहे. माझी धाकटी बहीण करत नाही, म्हणून तिला प्रभुभोजन मिळत नाही. बरोबर कोण? आणि बाहेरच्या माणसाला असं बोलायचा अधिकार असतो का?

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मला बोचला. मी 31 वर्षं हेच केलं. पिशवी उचलायची, कुठल्या तरी मंडळीत जायचं, आठवडाभर किंवा सहा महिने राहायचं आणि पुढे निघायचं. पाहुण्याला एक फायदा असतो. घरच्यांना ज्याची सवय झालेली असते, ते त्याला दारातच दिसतं. ज्या घरात दहा वर्षं मोडकी खुर्ची आहे, तिथले लोक ती न बघताच वळसा घालून जातात. पाहुणा तिच्यावर बसतो आणि आपटतो.

पण पाहुण्याच्या पाठीवर त्याची स्वतःची पिशवी असते, आणि ती त्याला दिसत नाही. माझ्या पिशवीत प्रश्नोत्तरी होती. 52 प्रश्न उत्तरांसकट पाठ आल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, असं मला शिकवलेलं आणि मीही तसंच शिकवायची. एका ठिकाणी सत्तरीतल्या एक आजी होत्या. अक्षरओळख नाही. त्यांचं नवव्या प्रश्नापर्यंत सुरळीत जायचं, दहाव्याला गाडी घसरायची, की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एकदा त्यांनी विचारलं, ‘बाई, देवाला येतात का हो ही सगळी?’ मला हसू आलं, पण नियम मी सोडला नाही. मी रजेवर गेले. माझ्या जागी आलेल्या पाळकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला आणि आठ दिवसांत बाप्तिस्मा दिला. परत आल्यावर नोंदवही उघडली, तर आजींचं नाव. मला राग आला. आजींचा नाही, पाळकांचाही नाही. माझी नोंदवही बिघडली, याचा राग आला होता. तो कसला राग आहे हे कळायला मला काही वर्षं लागली.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात फिलिप्प भेटतो. तोही फिरता सुवार्तिक. रथातून निघालेला कूशी देशाचा अधिकारी त्याला म्हणतो, हे पाणी आहे, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? हा माणूस षंढ होता, आणि जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. म्हणजे हरकत शोधायची तर शास्त्रातच लिहिलेली होती. अधिकारी रथ थांबवायला सांगतो आणि दोघं पाण्यात उतरतात. हा अध्याय मी शेकडो वेळा शिकवला असेन. शिकवून झालं की प्रश्नोत्तरी काढायची!

तेव्हा पाहुण्यांना बोलायचा अधिकार आहे, पण सभेत सगळ्यांसमोर विचारलेला प्रश्न म्हणजे वडीलजनांच्या तोंडावर मारलेली चपराक होती. मी असते तर आधी त्यांच्याशी चहावर बोलले असते. हे शहाणपणही मला निवृत्त झाल्यावरच सुचतंय, ते सोडा.

आता तुमचा कागद. असे कागद दुष्ट माणसं लिहितात असं नाही. बहुतेक वेळा ती फार काळजी करणारी माणसं असतात. ज्यू परंपरेत एक जुनं वचन आहे, की नियमशास्त्राभोवती कुंपण घाला. म्हणजे मूळ आज्ञेपर्यंत पायच पोचू नये म्हणून अलीकडे एक रेघ ओढायची. शब्बाथ दिवशी, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, काम करू नये ही आज्ञा. मग काम म्हणजे काय? मिश्ना या ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहात कामाचे 39 प्रकार मोजले आहेत: पेरणं, कापणं, गाठ बांधणं, गाठ सोडणं. लिहिणं म्हणजे किती लिहिणं? तर दोन अक्षरं. हे वाचून हसणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की त्याच परंपरेने जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला ठेवा असंही सांगितलं आहे. कुंपण घालणाऱ्यांना शेत प्रिय होतं. पण आपल्याकडे म्हण आहेच, कुंपणच शेत खाऊ लागलं तर दाद कुणाकडे मागायची? मार्काच्या सातव्या अध्यायात नेमकं तेच झालेलं दिसतं. एखाद्याने आपली मालमत्ता ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण असं म्हटलं, की म्हाताऱ्या आईबापांना त्यातलं काही द्यायची सोय उरत नसे. देवाचं नाव, धार्मिक शब्द, सगळं नीट, आणि आई उपाशी. येशू चिडतो तो इथे. हात धुवायच्या नियमावर तो वाद घालतो, पण कुर्बानच्या वेळी त्याचा आवाज वेगळा लागतो.

ओझ्याची खूण त्यानेच मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात दिली आहे. जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर देतात आणि ती हलवायला स्वतः बोटही लावत नाहीत. म्हणून नियम वाचताना मी आधी बोट शोधते. हा नियम पाळणं ज्याला जड जातं, त्याच्या मदतीला नियम करणारा येतो का? उशीर झाला तर मागच्या बाकावर बसा, हा नियम मला चालेल. प्रार्थना चालू असताना पुढे जाऊन सगळ्यांचे पाय तुडवू नयेत, एवढाच त्याचा अर्थ असेल तर. पण घरी आजारी माणसाचं उरकून धावत येणाऱ्या बाईला तो शिक्षा म्हणून लावला जात असेल आणि तिच्या मदतीला कुणीच जात नसेल, तर बोट कुठे आहे?

अगदी पहिल्या पिढीतच हा तंटा झाला होता. सुमारे इ.स. 49. अंत्युखियात यहुदी नसलेले लोक विश्वासात आले, आणि यहुदीयाहून काही भाऊ येऊन म्हणाले, सुंता केल्याशिवाय तुमचं तारण नाही. (पाहुणेच ते! पाहुण्यांनी ओझं उतरवल्याचंही उदाहरण आहे आणि चढवल्याचंही.) प्रकरण यरुशलेमेत गेलं. तिथे पेत्राने जे विचारलं, ते तुमच्या वडीलजनांसमोर शांतपणे वाचावं असं आहे: जे जोखड आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही वाहता आलं नाही, ते या शिष्यांच्या मानेवर का घालता? निर्णय झाला, पत्र गेलं, आणि पत्रात चार गोष्टी होत्या. चार म्हणजे शून्य नव्हे, हेही तुमच्या पाहुण्यांनी सांगायला हवं होतं.

आणि तरी याच पेत्राने अंत्युखियात काय केलं, ते गलतीकरांस पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे. आधी परराष्ट्रीयांबरोबर एका पंगतीला बसायचा, यरुशलेमेच्या मंडळीतल्या याकोबाकडची माणसं आल्यावर हळूच उठून वेगळा बसू लागला. त्याला कुणी आज्ञा केली नव्हती. लोक काय म्हणतील, एवढंच. माझ्या अनुभवात निम्मी धार्मिक ओझी या एका वाक्याने बांधलेली असतात.

तुमच्या बहिणीसाठी मला दोन नावं आठवतात: तीत आणि तीमथ्य, प्रेषित पौलाचे दोघे सोबती. तीताची सुंता करा असा आग्रह झाला तेव्हा पौल क्षणभरही नमला नाही. तीमथ्याची सुंता मात्र पौलाने स्वतः करवली, तीही यरुशलेमेचा निर्णय झाल्यानंतर! वरवर पाहता माणूस दुटप्पी. पण तीताच्या बाबतीत ती तारणाची अट म्हणून मागितली जात होती. तीमथ्याच्या बाबतीत ज्या लोकांत जायचं त्यांना अडखळण नको म्हणून केलेली ती सवलत होती. तुम्ही सही केलीत ती तीमथ्यासारखी असू शकेल, मंडळीचा मान राखायचा म्हणून. त्याबद्दल स्वतःला कोसू नका. बहिणीची सही मात्र प्रभूच्या मेजाची किंमत म्हणून मागितली जाते आहे, आणि त्या मेजाला किंमत लावायचा हक्क कुणाला आहे? ती तीताच्या जागी आहे. तिच्या बाजूला बसा. अक्षरशः, बाकावर.

वडीलजनांशी भांडू नका. तो कागद घ्या आणि प्रत्येक नियमासमोर तीन गोष्टी त्यांच्याकडूनच लिहून घ्या: हा कुणी सुचवला, कधी, आणि तेव्हा काय घडलं होतं. मी एका मंडळीत हे केलं होतं. निम्म्या नियमांमागे एकेक जुनं भांडण निघालं, आणि ज्यांचं भांडण होतं ती माणसं केव्हाच मंडळी सोडून गेली होती. नियम तेवढे मागे राहिले होते.

आणि तुमच्या पाहुण्यांवरही लक्ष ठेवा. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. ज्या सिस्टरनी त्यांना आधार दिला, त्यांनाच पुढे वाटू लागलं की रमाबाईंनी चर्चची शिकवण आहे तशी निमूट स्वीकारावी. 1885 साली रमाबाईंनी त्यांना पत्रातून कळवलं, की स्वदेशातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवरूनही त्या वाद घालतात. लॅटिनमध्ये असं काय आहे जे संस्कृतमध्ये नाही? सिस्टर प्रेमळ होत्या, यात शंका नाही. आपण त्या बाईला मुक्त करत आहोत अशीच त्यांची समजूत होती. तुमचे पाहुणे पुढच्या वेळी येताना स्वतःचा कागद घेऊन आले, तर त्यांनाही त्यांचाच प्रश्न विचारा.

प्रश्न: धर्मस्वातंत्र्य हा मानवी हक्क आहे म्हणतात. मग मंडळीच्या आत सक्ती कशी चालते?

उत्तर: 10 डिसेंबर 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम 18 आहे. त्यात विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य आहे आणि धर्म बदलण्याचं स्वातंत्र्यही स्पष्ट शब्दांत आहे. पण हे सगळं मुख्यतः राज्यसत्तेला उद्देशून आहे. मंडळीने प्रार्थना कशी करावी, सभासद कुणाला म्हणावं, यात सरकारने नाक खुपसू नये, हाही त्याच स्वातंत्र्याचा भाग. त्यामुळे आतल्या माणसाच्या हातात शेवटी दार उरतं. बाहेर जाता येणं हा हक्क लहान वाटतो, पण जिथे बाहेर पडणाऱ्याशी आईबापांनी बोलायचं नाही असा नियम असतो, तिथे दार उघडं असूनही बंदच. मारहाण, कोंडून ठेवणं, धमकी, पैसे उकळणं हा अर्थातच मंडळीचा अंतर्गत मामला नाही. तिथे वडीलजनांकडे नव्हे, पोलिसांकडे जा.

स्वातंत्र्य मिळालेले लोक ते पुढे देतात, अशी आशा धरू नका. 313 साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांना उघडपणे उपासना करायची मुभा मिळाली. 380 साली त्याच साम्राज्याने ठराविक ख्रिस्ती मत सर्व प्रजेला बंधनकारक केलं. मध्ये 67 वर्षं, म्हणजे छळ पाहिलेल्यांची नातवंडं जिवंत असतील. इंग्लंडमधल्या जाचाला कंटाळून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सला गेलेल्या प्युरिटन पंथाच्या लोकांनी 1660 साली बोस्टनमध्ये मेरी डायरला फाशी दिलं. गुन्हा काय, तर क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची असून हद्दपारीनंतर परत आली.

प्रश्न: ताई, तुम्ही स्वतः कुठले नियम पाळता? का सगळेच सोडलेत?

उत्तर: पहाटे उठते. शुक्रवारी दुपारपर्यंत उपास करते, कारण त्या दिवशी डोकं स्वच्छ राहतं. एका भाचीने विचारलं, मीही करू का? मी म्हटलं, तुला ॲसिडिटी आहे, नको करूस. तिला वाईट वाटलं. मलाही जरा वाटलं, खरं सांगायचं तर. आपला नियम दुसऱ्याने उचलला की छान वाटतं, आणि तेवढ्यासाठी जपून राहावं लागतं.

आणि हो, तुमचे प्रश्न वाचून परवा मी ती जुनी प्रश्नोत्तरी म्हणून बघितली, पुस्तक न उघडता. चौतिसाव्याला अडकले.