चेंडूचा रकाना खोडून टाक

चि. विद्यार्थी सहायकास अनेक आशीर्वाद.

तुझी फाइल उघडून बघितली. आर्मीच्या, म्हणजे लष्करी अकादमीच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, सामन्यासाठी चौदा कॉल (बचावाच्या ठरलेल्या चाली), तीन वेगवेगळे फ्रंट (पुढच्या फळीच्या मांडण्या), दोन ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं), आणि शेवटी प्रश्न : ‘काका, यातलं नक्की कोणतं चालेल?’ एकही नाही. कॉल वाईट आहेत असं नाही, पण एका आठवड्यात पोरांच्या अंगात चौदा कॉल उतरत नाहीत. एनसीएएच्या (अमेरिकी कॉलेज खेळांच्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४, एक दिवस पूर्ण सुट्टी. फिल्म, मीटिंग, वजनं, सगळं त्यातच. त्या तासांना चौदानं भाग आणि काय उरतं ते स्वतःच बघ.

पण मला खरी चिंता वाटली ती तुझ्या तक्त्याची. त्यात सर्वांत रुंद रकाना आहे ‘चेंडू कुठे गेला’. तो खोड. या आठवड्यात तुमच्या डिफेन्समधल्या कुणीही चेंडू शोधायचा नाही. आपला माणूस धरायचा. चेंडू त्याच्याकडे असो वा नसो.

तुला हे ठाऊक आहे, हे मला माहीत आहे. पण ठाऊक असूनही तक्त्यात तो रकाना आलाच ना? म्हणून पुन्हा सांगतो. आर्मीची मांडणी अशी : चेंडू वाटणारा क्वार्टरबॅक सेंटरला (चेंडू मागे देऊन डाव सुरू करणाऱ्याला) चिकटून, त्याच्या मागे चारेक यार्डांवर मधून घुसणारा फुलबॅक, दोन्ही टॅकलच्या (लाइनच्या टोकाच्या ब्लॉकरच्या) जरा बाहेर आणि जरा मागे एकेक स्लॉट, टोकाला दोन रिसीव्हर. इनसाइड व्हीअर हा तीन पर्यायांचा (ऑप्शन) डाव सुरू झाला की त्यांचा टॅकल तुमच्या एंडला (लाइनच्या टोकाच्या बचावपटूला) हातही न लावता आत निघून जातो. एंड फुलबॅकवर गेला तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो, थांबला तर फुलबॅकलाच देऊन टाकतो. पुढचा मोकळा माणूस क्वार्टरबॅकवर आला की चेंडू स्लॉटकडे पिच, म्हणजे बाजूला फेक. म्हणजे तुमचे दोन खेळाडू त्यांनी एकही ब्लॉकर (बचावपटूला अडवणारा) न खर्चता बाद केले, आणि वाचलेले दोन ब्लॉकर तुमच्या लाइनबॅकरवर (लाइनच्या मागच्यावर) आणि सेफ्टीवर (सर्वांत मागच्यावर) सोडले. सगळी ताकद त्या वाचलेल्या दोघांत आहे. तुमचा एक जण जरी ‘चेंडू कुठे आहे’ म्हणून अर्धं पाऊल थांबला, तरी त्यांचं गणित जुळतं.

म्हणून दोनच कॉल ठेव. पहिल्यात एंड फुलबॅकला घेतो, आतला लाइनबॅकर त्यांच्या टॅकलच्या वरून वळसा घालून क्वार्टरबॅकला घेतो, बाहेरचा लाइनबॅकर पिचला. दुसऱ्यात एंड क्वार्टरबॅकला, डिफेन्सिव्ह टॅकल (आपल्या लाइनमधला आतला माणूस) आणि आतला लाइनबॅकर मिळून फुलबॅकला, पिच तसाच. बाहेरून दोन्ही कॉल सारखेच दिसले पाहिजेत : तीच जागा, तोच पवित्रा. मग क्वार्टरबॅकला प्रत्येक वेळी एंडची हालचाल नव्यानं वाचावी लागते. याच्यावर तिसरा कॉल घालायची खाज सुटेल. घालू नकोस.

आता अंगानं करायच्या गोष्टी. फुलबॅकवरच्या एंडचे खांदे लाइनला समांतर हवेत. टॅकल आत सरकला की त्याच्या कमरेला चिकटून आत दाबायचं आणि फुलबॅकच्या जवळच्या मांडीवर खांदा घालायचा. चेंडू मिळाल्याचं सोंग करणाऱ्याला पाडणं नियमात बसतं, तेव्हा संकोच नको. त्याला प्रत्येक वेळी पाडा. क्वार्टरबॅकवरच्या माणसाला दोन चाली शिकवा : कधी थेट अंगावर, म्हणजे पिच घाईत होतो, कधी लाइनच्या पलीकडे एक यार्डावर खांदे सरळ ठेवून रेंगाळणं, म्हणजे क्वार्टरबॅक पिच करू की पळू यात अडकतो आणि आतून मदत पोचते. पिचवरच्या माणसानं क्वार्टरबॅककडे बघायचंच नाही. क्वार्टरबॅक खोटा पिच दाखवतो ते त्याच्यासाठीच. त्याचे डोळे स्लॉटच्या बाहेरच्या कमरेवर.

लाइनमधल्या पोरांच्या कपाळावर एक वाक्य लिहून ठेव : तुला कुणी अडवलं नाही तर खूश होऊ नकोस, तुलाच वाचताहेत. व्हीअरला हे एंडच्या वाट्याला येतं. मिडलाइनला, म्हणजे फुलबॅक अगदी मधून घुसतो त्या डावाला, आपल्या आतल्या टॅकलच्या. शेजारचा गार्ड अंगावर न येता सटकला, की तीन पावलांत फुलबॅक छातीवर येणार. पोरं तिथे मोकळी वाट बघून क्वार्टरबॅकच्या मागे धावतात आणि फुलबॅक त्यांनी सोडलेल्या जागेतून आठ यार्ड जातो. कबड्डीत साखळीतल्या एकानं हात सोडून झेप घेतली की चढाईपटू त्याच फटीतून निसटतो, तसंच.

पायात येणाऱ्या ब्लॉकचा सराव कुणाकडून करून घ्यायचा, हेही नीट बघ. तुझ्या वेळापत्रकात कॉर्नर (टोकाचे रिसीव्हर धरणारे) आणि सेफ्टीसुद्धा दहा मिनिटं तेच करताहेत. कशाला? २०२२ पासून टॅकल बॉक्सच्या (सेंटरभोवतीच्या चौकोनाच्या) बाहेर कंबरेखाली ब्लॉक करायला बंदी आहे. स्लॉट आता सेफ्टीच्या गुडघ्यात शिरू शकत नाही. ती दहा मिनिटं लाइनला आणि आतल्या लाइनबॅकरना दे, कारण बॉक्सच्या आत तो धोका अजून आहे. जिममधले मोठे हवेचे गोळे पायांवर लोटायचे, पोरांनी दोन्ही तळहातांनी ते खाली दाबायचे, पाय मागे फेकायचे आणि लगेच धावत सुटायचं. नजर ब्लॉकरवर. गोळा अंगावर येताना जो मान उचलून पलीकडे बघतो, तो तिथेही चेंडूच शोधत असतो. त्याला बाजूला घेऊन पुन्हा करायला लाव.

सरावाचं मुख्य अंग मात्र एकच. पहिल्या दिवशी स्काउट टीमला (सरावात आर्मीची नक्कल करणाऱ्या आपल्याच पोरांना) चेंडूच देऊ नका. फुलबॅक पूर्ण वेगानं घुसेल, क्वार्टरबॅक पळेल, स्लॉट पिचच्या अंतरावर धावेल, आणि तुमच्या पोरांनी तिघांनाही शिवायचं. तिघांपैकी एक जरी सुटला तरी तो डाव हरला असं मोजायचं. दुसऱ्या दिवशी दोन चेंडू द्या, एक फुलबॅकच्या हातात आणि एक क्वार्टरबॅकच्या, म्हणजे सवयीनं जो चेंडूमागे जाईल तो उघडा पडेल. खरा चेंडू तिसऱ्या दिवशी. त्यांचा वेग तुमच्या स्काउट टीमला जमणार नाही. आर्मीची पोरं हे रोज करतात, तुमची पहिल्यांदाच करताहेत. उपाय दोन. स्काउट क्वार्टरबॅकच्या जागी हात चांगला असलेला पोरगा नको, सर्वांत चपळ रिसीव्हर उभा कर. आणि दोन स्काउट टीम शेजारी शेजारी ठेव : एकीचा डाव संपता संपता दुसरी स्नॅप घेते, म्हणजे डाव सुरू करते. हडलमध्ये (डावाआधीच्या घोळक्यात) वेळ गेला नाही तर पाच मिनिटांत आठ-दहा डाव होतात, आणि डोळ्यांची सवय संख्येनंच मोडते.

हे वाचून तू म्हणशील, काकांचं एकच पालुपद. तू पहिला नाहीस. एकच गोष्ट घोकून घेतल्यानं हुशार पोरांची बुद्धी मारली जाते, सामन्यात समोरच्यानं काही नवं काढलं की ती उघडी पडतात, असं मला आयुष्यभर ऐकवलं गेलं. माझं म्हणणं बदललेलं नाही. ५ जानेवारी २०१० च्या ऑरेंज बोलमध्ये हाच ऑप्शन खेळणाऱ्या, पॉल जॉन्सनच्या प्रशिक्षणाखालच्या जॉर्जिया टेकला आयोवानं सामनाभरात १५५ यार्डांत गुंडाळलं आणि २४-१४ नं जिंकलं. आयोवाचा प्रशिक्षक नॉर्म पार्कर याचा डिफेन्स, नेहमीचाच चार-तीन (चार लाइनमन, तीन लाइनबॅकर). लोक म्हणतात, त्यांना तयारीला महिनाभर मिळाला होता. मिळाला होताच. पण त्या महिन्यात त्यांनी नवा डिफेन्स उभारला नाही, आहे त्याच जागांवर प्रत्येकाला त्याचं काम पक्कं करून दिलं. तुला महिना नाही, आठवडा आहे. म्हणजे तू त्यांच्याहून कमी गोष्टी शिकवायला हव्यास, आणि तू निघालास चौदा शिकवायला! मला हट्टी म्हणणाऱ्यांना म्हणू दे. पुष्कळ चांगल्या डिफेन्सचा या एका आठवड्यात चतुराईनं घात झालेला आहे. ते बघून मी हट्टी झालो.

मोशनबद्दल तुझ्या फाइलमध्ये अर्धं पान आहे. स्लॉट स्नॅपच्या जरा आधी मागे वळून धावू लागतो आणि बहुतेक वेळा डाव त्याच दिशेला जातो, हे निरीक्षण बरोबर आहे. पण त्यावर अख्खा डिफेन्स सरकवायचा बेत चूक. काउंटर ऑप्शन त्यासाठीच असतो : मोशन एकीकडे, डाव उलटीकडे. मोशनवर फक्त दोन्ही सेफ्टी एकेक पाऊल फिरतील, लाइन आणि लाइनबॅकर हलणार नाहीत. आणि साइडलाइनवरून ओरडून दुरुस्ती करता येईल या भ्रमात राहू नकोस. २०२४ पासून एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो खरा, पण प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की तो बंद होतो. मोशन त्यानंतर येतं. त्या वेळी त्याच्या कानात तूही नसतोस आणि कोऑर्डिनेटरही (डिफेन्सचा प्रशिक्षक) नसतो.

पास. इथे चांगल्या सेफ्टींचा जीव जातो. २०१३ मध्ये असाच ऑप्शन खेळणाऱ्या जॉर्जिया सदर्ननं फ्लोरिडाला त्यांच्याच मैदानावर २६-२० नं हरवलं, तेही एकही पास पूर्ण न करता. त्यामुळे हे संघ पास टाकतच नाहीत, असा समज पसरतो. टाकतात, थोडे, आणि सेफ्टी चार-पाच वेळा पिचमागे धावून रमला की मगच. सेफ्टीला एकच खूण दे. अंगावर येणारा स्लॉट त्याच्यासमोर थांबून हात घालतो तोवर डाव धावण्याचा. स्लॉट त्याच्या खांद्याला खांदा लावून पुढे सरकला की तो स्लॉट त्याचाच, मग मागे काहीही होवो. कॉर्नरचंही रिसीव्हरबाबत तेच. सेफ्टीनं मागे चेंडू कुठे आहे ते बघायला मान वळवली, की सहा गुण.

यार्डांचा हिशोब सामन्याआधीच सगळ्यांना समजावून सांग, नाहीतर पोरं तिसऱ्या क्वार्टरमध्ये खचतात. चौथ्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्याला) हे संघ बिनधास्त खेळतात, त्यामुळे त्यांना एका डाउनला अडीच यार्ड पुरतात. तीन यार्डांवर रोखून मुठी आवळायच्या नाहीत. पहिल्या डाउनला दोन किंवा कमी, हे ध्येय. ऑफसाइडचे (स्नॅपआधी उडी मारल्याच्या दंडाचे) पाच यार्ड म्हणजे त्यांच्या दोन डाउनचं काम तुम्ही फुकट करून दिलंत. चौथ्या डाउनला यार्डभर हवा असताना ते आवाज चढवून तुम्हाला उडी मारायला लावतील. लाइनला चेंडू बघायची परवानगी एवढ्यापुरतीच : स्नॅप होईपर्यंत. आणि आठ लाइनमन आळीपाळीनं खेळव. २०१८ मध्ये ओक्लाहोमाच्या घरच्या मैदानावर आर्मीनं ४४ मिनिटांहून जास्त वेळ चेंडू स्वतःकडे ठेवला होता. ओक्लाहोमा जिंकलं, पण ओव्हरटाइममध्ये, २८-२१.

शनिवारी टॅब्लेट तुझ्या हातात असेल. पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये (चेंडू त्यांच्याकडे असतानाच्या खेपांत) आर्मीचा प्रशिक्षक मंकन याचे लोक तुमची मांडणी चाचपतील, तू त्यांची चाचपणी टिपून घे. रकाने चारच : आपण कुठे उभे होतो, कुणाला अडवलं नाही, त्या मोकळ्या माणसानं कुणाला धरलं, आणि कोण कुणालाच न धरता उभा राहिला. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. डाव चाळीस यार्ड गेला की सगळे माणूस पाडायला चुकलेल्या सेफ्टीवर ओरडतील. तू फिल्म मागे घे. बहुतेक वेळा अपराधी दुसरीकडेच सापडेल, लाइनवर, हात खाली सोडून बघत उभा. बदली त्याची कर, सेफ्टीची नको.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाला कोरा कागद दे. सहा डाव काढून दाखव : व्हीअर, मिडलाइन, रॉकेट टॉस, काउंटर ऑप्शन, ट्रॅप आणि स्लॉटचा सरळ पास. दोन्ही कॉलमध्ये प्रत्येकानं फक्त आपल्या माणसाचं नाव लिहायचं. बारा उत्तरं, प्रत्येकी एक शब्द. ज्याची बारापैकी दोन चुकतील तो पहिल्या ड्राइव्हला बाकावर, मग तो कितीही मोठा स्टार असो. हे कोऑर्डिनेटरला पटवायला तुला जड जाईल. तरी पटव. तुला त्यानं कामाला ठेवलंय ते कॉफी आणायला नव्हे.

तुझा,
काका

ता. क. आर्मी लाइन असमतोल लावते, एका बाजूला एक माणूस जास्त. फाइलमध्ये याचा उल्लेखच नाही. मोजायचं काम एकट्या मधल्या लाइनबॅकरचं, तो ओरडणार तो शब्द एकच, आणि तो शब्द ऐकला की अख्खा फ्रंट जड बाजूला एक माणूस सरकणार. माणसं तीच, कामं तीच. मंगळवारी याचे निदान दहा डाव खेळवून घे आणि रात्री फिल्म पाठव, मी जागा आहे.