कॉम्प्युटरमधला इंटेलचा आय-३ २१०० प्रोसेसर काढून आय-७ ३७७० बसवला तर गेम नीट चालतील का? मदरबोर्ड एच६१ आहे, ग्राफिक्स कार्ड १०५० टीआय.

चालतील. आणि "प्रोसेसरला कोण विचारतंय, कार्ड बदल" असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. माझा दादा मला कायम हेच सांगत आलाय.

माझं मशीन अगदी हेच होतं. जीटीए फाइव्ह या गेममध्ये गाडी गर्दीत घातली की चित्र अडखळायचं. कार्ड आणि प्रोसेसरवर किती ताण आहे ते दाखवणारा आफ्टरबर्नर लावून बघितला. कार्ड पन्नास टक्क्यांच्या आत, प्रोसेसर मात्र शंभरावर. कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसरला दम लागलाय, तर नवं कार्ड आणून काय करणार? दादाला दाखवलं. तो म्हणाला, "जुन्या डब्यात पैसे घालू नको."

मी घातले. वापरलेला ३७७० आणला, बसवला, तर स्क्रीन काळी. दुकानात नेलं. दुकानदारानं पाच मिनिटांत सांगितलं, "बोर्ड गेलं, नवा सेट घ्या." दादा शेजारी उभा राहून मान हलवत होता. कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आलो, रात्री जेवलोसुद्धा नाही.

बोर्डाला काहीही झालं नव्हतं. त्याचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, २०११चं, आणि ३७७० आला २०१२ मध्ये; ते त्याला ओळखतच नव्हतं. जुना आय-३ परत लावला, बायोस अपडेट केलं, मग ३७७० टाकला. पहिल्या झटक्यात विंडोज उघडलं. तेव्हा आय-३ काढायच्या आधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची प्रोसेसरची यादी बघा. अपडेट चालू असताना लाइट जाता कामा नये.

दुसरं, उष्णता. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडे टॉवेलचे लूम. प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा हीटसिंक काढला तेव्हा पंख्याखाली सुताच्या धुळीचा थर होता, नखानं उचलला तर कापडाच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो, त्यात ही गोधडी. आय-३ पासष्ट वॉटचा, ३७७० सत्त्याहत्तरचा. जुनाच पंखा लावू नका, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट ताजी घाला.

हो, एक राहिलं. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, ३७७० त्यात बसत नाही. ११ वर व्हॅलोरंट हा गेम टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतो, ते जुन्या एच६१ वर मिळत नाही. तेच खेळायचं असेल तर हा खर्च करू नका. रॅम एकच कांडी असेल तर दुसरी आधी घ्या.

माझं अडखळणं गेलं. कार्ड आजही तेच आहे, हे दादानं एकदा तरी तोंडानं म्हणावं.