वजन उतरवण्यासाठी पोटाचं बायपास होऊन पाच आठवडे झाले, मऊ जेवण सुरू केल्यापासून घास अडकतो, कधी उलटी होते, पोट साफ होत नाही. घरचे म्हणतात घाई करतेस. पचन जागेवर यायला किती दिवस लागतात, खावं काय?

तुमचा प्रश्न पचनाचा आहे, पण मी अडकले ती 'घरचे म्हणतात घाई करतेस' या चार शब्दांवर. हे वाक्य मी तीन आठवडे ऐकलंय, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि शेवटी शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. म्हणून आधी माझं सांगते, खाण्यापिण्याचं नंतर.

माझंही बायपासच, जठराचा छोटा कप्पा करून तो खालच्या आतड्याला जोडतात ते. पहिले दोन आठवडे पातळ, मग घोटलेलं, दोन्ही व्यवस्थित पार पडलं. सूप, पातळ केलेलं दही, प्रोटीन पावडर, सगळं पोटात ठरत होतं, दिवसाला सव्वा-दीड लिटर पाणीसुद्धा घोट-घोट करत जात होतं. मोठी बहीण मदतीला येऊन राहिली होती. ताईने खरंच खूप केलं, रात्री उठून औषधं दिली, हे आधीच लिहून ठेवते कारण पुढे मी तिच्याबद्दल रागाने लिहिणार आहे. लहानपणापासून माझ्या ताटावर तिची नजर. मी जाड होते आणि ती नव्हती, आणि त्याचं कारण तिच्या मते एकच, मी भराभरा गिळते. कोणी पाहुणे असले तरी बोलायची.

चौथ्या आठवड्यात मऊ जेवण सुरू झालं. मऊ केलेलं अंडं, दोन चहाचे चमचे. तिसऱ्या घासाला छातीच्या हाडामागे दगड ठेवल्यासारखं झालं, तोंडाला पाणी सुटलं, मग फेसाळ लाळ, मग ते सगळं बाहेर. ताई म्हणाली, "घाई केलीस." मला पटलं. नवीन होतं, केली असेल. दुसऱ्या दिवसापासून ती घड्याळ घेऊन समोर बसायला लागली. लहान मुलाचा चमचा, प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग दुसरा. अर्ध्या तासात चार चमचे. तरी बाहेर. "अगं मनातून घाई असते तुझी," म्हणाली. आता मनातल्या घाईवर मी काय उपाय करणार होते?

पाचव्या आठवड्यात अंडं बंद झालं म्हणून पुन्हा घोटलेल्यावर आले. आठ दिवसांत घोटलेलंही जाईना, म्हणून सूपवर आले. मग सूपही घट्ट वाटायला लागलं, ते गाळून घेतलं. सहाव्या आठवड्याच्या शेवटी साधं पाणी पोटात ठरेना, रात्री दोन घोट घेतले की तेवढेच परत यायचे. मधे आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला होता, त्यांनीही हळू खा, नीट चावा एवढंच सांगितलं. मी त्यांना दोष तरी कसा देऊ, फोनवर मी स्वतःच म्हणाले होते की मी जरा भराभर खाते. ताईचं वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं.

इथे नीट लक्ष द्या. ऑपरेशननंतर माणूस पातळाकडून घट्टाकडे जातो. मी उलटी चालले होते, घट्टाकडून पातळाकडे, एकेक पायरी खाली, आणि घरात तीन माणसं असून कोणाला ते दिसलं नाही कारण सगळे माझा चमचा बघत होते. गाळलेलं सूप कोणी घाईने चावतं का?

त्या आठवड्यात पायाला मुंग्या यायला लागल्या, चालताना तोल जायचा, टीव्हीवरची अक्षरं दोन-दोन दिसायची. सगळे म्हणाले अशक्तपणा. एका सकाळी बाथरूमच्या दारात पडले तेव्हा नवऱ्याने कोणाला न विचारता गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "उलट्या किती दिवस आहेत?" मी म्हटलं तीन आठवडे. त्यांनी ग्लुकोजची बाटली लावणाऱ्या नर्सला थांबवलं आणि आधी थायमिनचं इंजेक्शन दिलं. थायमिन म्हणजे बी-1. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो आणि रोज उलट्या होत असतील तर गोळ्याही बाहेरच पडतात. तो संपलेला असताना आधी नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलासुरला थायमिनही खर्च होतो आणि मेंदूला, नजरेला, चालण्याला कायमची इजा होऊ शकते. माझी नजर दोन दिवसांत सुधारली. पायाच्या मुंग्या जायला काही महिने लागले.

दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी. कप्पा आणि आतडं जिथे जोडलेलं असतं ते तोंड जखम भरून येताना आवळलं होतं. एक ते दीड सेंटिमीटरचं असायला हवं, दुर्बिणीची नळी साधारण एक सेंटिमीटर जाडीची, ती पुढे सरकेना. त्यातून फुगा घालून ते तोंड रुंद केलं, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा केलं, आणि संपलं. पहिल्या वेळेनंतर त्याच संध्याकाळी मी पाणी प्यायले आणि ते खाली गेलं, मी कितीतरी वेळ ग्लास हातात धरून रडत होते. बायपासनंतर हा माहितीतला त्रास आहे, बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतच येतो, आणि त्याचा चावण्याशी काही संबंध नाही.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय 'कधी उलटी होते'. कधी म्हणजे किती? आठवड्यातून एकदा, कोरडं चिकन किंवा ब्रेड खाल्ल्यावर झाली तर ते बहुतेकांना होतं, तो पदार्थ महिनाभर बाजूला ठेवा आणि पुन्हा करून बघा. आज अंडं गेलं नाही पण उद्या मासा गेला, हेही चालतं, नवीन कप्पा लहरी असतो. पण रोज होत असेल, किंवा गेल्या आठवड्यात जात होतं ते या आठवड्यात जात नसेल, तर उद्याच सर्जनकडे जा. पातळसुद्धा ठरत नसेल तर उद्याची वाट बघू नका.

पोट साफ न होणं त्या मानाने साधं. खाणं कमी तर मळ कमी, दोन-तीन दिवसांनी होणंसुद्धा चालतं, कुंथावं लागत नसेल तर. पाणी कमी पडतं हे पहिलं कारण आणि लोहाची गोळी हे दुसरं, तिने शौच काळंही होतं, घाबरू नका, पण काळं आणि डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल तर घाबरा, ते रक्त असू शकतं. दिवसभरात दीड लिटर गाठायचं, जेवताना मात्र पाणी नाही, आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास सोडायचा. मला हे सुरुवातीला अशक्य वाटायचं, मग मी बाटलीवर तासांच्या खुणा केल्या आणि जमलं. जुलाब किंवा गुरगुर असेल तर दूध आठवडाभर बंद करून बघा, बायपासनंतर बऱ्याच जणांना ते पचेनासं होतं, दही चालतं. प्रोटीन दिवसाला निदान 60 ग्रॅम आणि ताटात तेच आधी, बाकी सगळं जागा उरली तर. कॅल्शियम सायट्रेट घ्या, कार्बोनेट नको, त्याला ॲसिड लागतं आणि आपल्या कप्प्यात ते फारसं नसतं, आणि कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तास ठेवा नाहीतर लोह अंगी लागत नाही. अंगदुखीच्या साध्या गोळ्या, आयबुप्रोफेन वगैरे, घरात पडल्यात म्हणून घेऊ नका, जोडाला अल्सर होतो.

गोड खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडणं, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब, हे डम्पिंग, म्हणजे खाल्लेलं कप्प्यातून एकदम आतड्यात उतरणं, वेगळं प्रकरण. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो, साखर खाली जाते, हात थरथरतात. मला पहिला प्रकार अर्ध्या पेल्या ज्यूसने दाखवला. ताईने त्यालाही घाईच म्हटलं होतं. ज्यूस मी चमच्याने प्यायले होते.

किती दिवस लागतात? माझ्या मते हा प्रश्न लोक चुकीच्या ठिकाणी मोजतात. जेवणाच्या पायऱ्या दोन महिन्यांत संपतात, भाज्या-सलाड पोट सहज घ्यायला मला सहा महिने लागले आणि काय खाल्लं की काय होतं हे डोक्यात बसायला वर्ष. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, बहुतेक परत येतात, त्यावर तेल बदलत बसू नका, प्रोटीन आणि रक्ताचे रिपोर्ट बघा. गोळ्या जन्मभर. आणि जन्मभर म्हणजे वजन उतरल्यावरसुद्धा, तिसऱ्या वर्षी लोक सोडतात आणि बी-12 तळाला जातं.

आता घरच्यांचं. माझ्या बहिणीशी माझा जुना वाद आहे, ती म्हणते ऑपरेशन म्हणजे शॉर्टकट, मनावर घेतलं असतं तर चालून वजन उतरलं असतं, तिचं उतरलं. मी वीस वर्षं मनावर घेत होते. प्रत्येक वेळी दहा किलो गेले आणि बारा आले. डाएटने वजन उतरवलं की शरीर भूक वाढवतं, तो इच्छाशक्तीचा दोष नाही, ते हार्मोन आहेत, आणि बायपासनंतर आतड्यातून पोट भरल्याचा निरोप देणारे हार्मोन जास्त सुटतात, म्हणून पहिल्यांदा मला दोन चमच्यांनंतर पुरे वाटलं. तिला आयुष्यभर तसंच वाटत आलंय आणि ती त्याला शिस्त म्हणते. हे मी तिला समोर बसवून सांगितलंय, तिला पटलं नाही, ठीक आहे. पण शॉर्टकट म्हणणाऱ्या माणसाला नंतरचा प्रत्येक त्रास शिक्षा वाटतो, आणि ज्याला तो शिक्षा वाटतो तो डॉक्टरला फोन करत नाही, उपदेश करतो. माझे तीन आठवडे तिथे गेले. एंडोस्कोपीचा फोटो मी तिला दाखवला, ती म्हणाली मला काय माहीत. बरोबर आहे, तिला माहीत नव्हतं. मला एवढंच म्हणायचंय की माहीत नव्हतं तर तीन आठवडे इतक्या खात्रीने बोलायला नको होतं.

म्हणून तुमच्या घरच्यांना सांगा, चमचा मोजू नका, उलट्या मोजा. वहीत तारीख, काय खाल्लं, किती वेळाने अडकलं, पातळ गेलं का. माझ्याकडे ती वही असती तर पाचव्याच आठवड्यात कोणीतरी ओळखलं असतं.

हेही लिहायला हवं, मी डॉक्टर नाही आणि घाई करून खाणारे लोकही असतात, चावणं खरंच महत्त्वाचं आहे, ते सोडा असं मी म्हणत नाहीये. तुमच्या सर्जनने दिलेल्या कागदात आठवडे वेगळे असतील तर तो कागद धरा, स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढण्याचं ऑपरेशन, झालेल्यांचं काही वेगळं असतं. आणि काही गोष्टी वहीत लिहायच्या नसतातच, तडक जायचं. ताप आणि छातीची धडधड थांबत नाही, डावा खांदा दुखतो, पोटात एकदम कळ येऊन राहत नाही, किंवा उजव्या बरगडीखाली दुखतं, वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात.

फोन कराल तेव्हा 'खाल्लेलं ठरत नाही' एवढंच सांगू नका, ते हळू खा म्हणतील. असं सांगा, अमुक तारखेला अंडं जात होतं, अमुक तारखेपासून घोटलेलंच जातंय, दिवसाला इतक्या उलट्या, व्हिटॅमिनच्या गोळ्या इतके दिवस बाहेर पडतायत. आणि पायाला मुंग्या असतील तर ते सगळ्यात आधी.